सासूबाईंची कवळी

१

"सासूबाईंची कवळी गेली!"

फॉन्झो गेदर्सची ही आरोळी पाइन हॅमॉकच्या ट्रॅकवर या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू गेली. ओकच्या झाडाखाली खुर्ची टाकून उकडलेल्या शेंगा सोलत बसलेल्या त्याच्या खऱ्या सासूबाईंनी, म्हणजे मिस ओरीथा स्मॉल्स यांनी, आधी जिभेने आपले दात चाचपून पाहिले. सगळे जागच्या जागी होते.

"माझी नाही," त्या म्हणाल्या. "त्या दुसरीची असेल."

दुसरी म्हणजे मोटारसायकल. लांबच लांब, जमिनीला पोट घासणारी आणि सुरू केली की सगळा गाव उठवणारी. ती पहिल्यांदा सुरू झाली तेव्हाच फॉन्झोने तिचं नाव 'सासूबाई' ठेवलं होतं. तिच्या मागच्या चाकावरचं दात्यांचं चक्र म्हणजे स्प्रॉकेट. त्याला आपसूकच 'कवळी' नाव पडलं. ती गाडी चालवायची रोशेल. फॉन्झोची बायको आणि मिस ओरीथांची लेक. आईच्या नावाच्या गाडीवर नवऱ्यासाठी बसायचं आणि दोघांचीही बोलणी खायची, असा तिचा संसार होता.

ती धावत ट्रेलरपाशी आली. फॉन्झो लाकडी पेटीपुढे गुडघे टेकून बसला होता. पेटीत दोन स्प्रॉकेट असायला हवे होते, होता एकच. फॉन्झो त्याच्या दात्यांवरून बोट फिरवत होता. "अडतीस, एकोणचाळीस, चाळीस! हा चाळीसचा आहे, रोशेल. त्रेचाळीसचा नेला! ज्याच्यावर आज धावायचं होतं, नेमका तोच!"

"नीट बघ, झोपताना उशीखाली ठेवला होतास ना? तिथेच राहिला असेल."

"सकाळी याच हातांनी पेटीत ठेवला." त्याने हात वर केला. डाव्या अंगठ्याला भलंमोठं पांढरं बँडेज होतं. परवा ट्रेलरच्या दारात सापडला म्हणे.

पाइन हॅमॉकवर शर्यती खुन्नसच्या, एका वेळी दोनच गाड्या, सरळ पट्ट्यावर. घड्याळं मुद्दाम बंद ठेवतात. कोण जिंकलं ते शेवटचा दिवा सांगतो, किती वेळात जिंकलं ते कुणालाच कळत नाही. गाडीला किती दाते लावले हे माणूस मरताना पाद्रीबाबालाही सांगणार नाही. गाडीच्या डाव्या अंगाला चादर बांधलेली असते, आणि खरा स्प्रॉकेट शर्यतीच्या तोंडावर चढवतात, का, तर येणाऱ्या-जाणाऱ्याने मोजू नये. कारण सगळी मेख दात्यांतच. मागे दाते जास्त लावले तर गाडी सुटताना उसळी मारते, पण तिचा दम लवकर संपतो. कमी लावले तर उठायला आळशी, पण एकदा उठली की पुढे पळत सुटते. तीन दात्यांच्या फरकावर इथे सख्खे भाऊ वर्षभर बोलत नाहीत.

आणि आजची शर्यत हंगामातली शेवटची होती. ती जो जिंकेल त्याला पुढचं वर्षभर ओकची सावली. अख्ख्या मैदानात सावलीचं झाड ते एकच. दक्षिण कॅरोलायनाच्या उन्हात बाकीचे सगळे पत्र्याच्या ट्रेलरमध्ये भाजून निघायचे. तीन वर्षं ही सावली गेदर्सांकडे होती. तीन वर्षं क्लीव्हलँड मॅझिक समोरच्या उन्हात टक्कल तापवत बसला होता, आणि आज त्याची गाडी 'जप्ती' सासूबाईंशी भिडायची होती.

रोशेलला सावलीची स्वतःसाठी पर्वा नव्हती. पण ममाला गेल्या उन्हाळ्यात चक्कर आली होती. डॉक्टरांनी ऊन वर्ज्य सांगितलं होतं आणि ममाने ट्रॅक सोडायला साफ नकार दिला होता. झाड गेलं तर ममा घरी बसणार नाही, उन्हातच येऊन बसेल, हे रोशेल जाणून होती.

"मला माहीत आहे कुणी नेला," फॉन्झो उठत म्हणाला. त्याची नजर ट्रॅकच्या फाटकाबाहेर उभ्या असलेल्या एका जुन्या निळ्या ट्रकवर होती. "टोबीने."

२

टोबायस रिव्हर्स हा फॉन्झोचा मिस्त्री, शाळेपासूनचा दोस्त आणि लग्नातला करवला. रोशेलला गाडीवर पहिल्यांदा त्यानेच बसवलं होतं. आठवडाभर दोघांची एकाच गोष्टीवरून जुंपली होती. फॉन्झो म्हणे त्रेचाळीस, टोबी म्हणे चाळीस.

"गुरुवारी संध्याकाळी गारव्यात त्रेचाळीसवर ती छान उडाली, कबूल," टोबी म्हणायचा. "पण शनिवारी दुपारी ट्रॅक लोण्यासारखा होणार. त्रेचाळीस दाते लावलेस तर चाक तरी गरगरा फिरेल, नाही तर गाडी घोड्यासारखी दोन पायांवर उभी राहील. चाळीस लाव आणि गप्प बस."

"मालक कोण?"

"गाडीचा तू. अकलेचा मी."

आज सकाळी याच बोलण्याचा शेवट फॉन्झोने "चालता हो माझ्या झाडाखालून" असा केला होता. टोबी उठला आणि आपल्या ट्रकच्या फळीवर जाऊन बसला.

आता फॉन्झो तिकडे तरातरा निघाला, तेवढ्यात मागून आवाज आला. "अल्फान्सो. बस खाली."

फॉन्झो बसला. मिस ओरीथांनी आयुष्यभर शाळेची बस चालवली होती. गावातला पन्नाशीच्या आतला जवळजवळ प्रत्येक माणूस त्यांच्या बसमधून शाळेत गेला होता. मागच्या बाकावर कुणी च्युइंगगम चिकटवलं, हे त्या पुढच्या आरशातून सांगायच्या. अजूनही त्यांच्यासमोर माणसं पाठ ताठ करून बसत आणि त्यांना बसमधल्यासारखं मानाने 'मिस'च म्हणत.

"पोरांच्या बसमध्ये काही हरवलं की मी आधी कुणाला विचारायची, माहीत आहे?"

"चोराला?"

"ज्याचं हरवलं त्याला. तू तो शेवटचा कधी पाहिलास?"

"सकाळी. मग मी टोबीशी भांडलो, मग फाटकावर नाव द्यायला गेलो. आलो तर हे." फॉन्झोने आवाज खाली आणला. "राग मानू नका, मिस ओरीथा, पण तुम्ही तर नाही ना... गाडीचं नाव तुम्हाला आवडत नाही म्हणून..."

रोशेलने डोळे मिटून घेतले.

"मला सूड घ्यायचा असता तर स्प्रॉकेट नसता गेला, तू गेला असतास," मिस ओरीथा शांतपणे म्हणाल्या. "रोशेल, हात दे. आपण जरा पाय मोकळे करून येऊ."

"पण ममा, ऊन..."

"टोपी आहे. आणि अल्फान्सो, आम्ही येईपर्यंत झाडाखालून हललास, तर तुझ्या आईला फोन करीन."

३

टोबी ट्रकच्या फळीवर बसून कागदी ताटलीतून टोमॅटोत शिजवलेला लाल भात खात होता.

"मी त्रेचाळीसला बोटही लावलेलं नाही, मिस ओरीथा," तो त्यांनी विचारायच्या आधीच म्हणाला. "फॉन्झोची आरोळी इथपर्यंत आली. माझ्या आईची शपथ. मला तो पेटीत दिसलासुद्धा नाही. मला वाटलं, उशीखालीच ठेवून आलाय लेकाचा."

"आणि चाळीसचा?"

टोबी किंचित घुटमळला. "चाळीसचा आहे की पेटीत. नाही का?"

"आहे," रोशेल म्हणाली.

"मग झालं. चाळीसवर धाव, पोरी. माझं ऐक." त्याचे डोळे ओले झाल्यासारखे दिसले. "तीस वर्षांचं नातं, आणि हा मला चोर म्हणतो."

मिस ओरीथांनी त्याच्या ताटलीतला भाताचा एक चमचा न विचारता उचलला, तोंडात टाकला, चघळला आणि चेहरा वाकडा केला. "फार गोड," एवढंच म्हणून त्या चालू लागल्या.

रोशेलला आईची लाज वाटली. माणूस रडवेला झालाय आणि ही त्याच्या भाताला नावं ठेवतेय!

समोर मॅझिकचा तळ होता. छत्री, पंखा, बर्फाची पेटी आणि त्यात डोकं घालून बसलेला क्लीव्हलँड मॅझिक. 'जप्ती'पाशी त्याचा धाकटा भाऊ बिंकी उकिडवा बसला होता. अंगाने काडी, पण गाडीचा स्वारही तोच आणि मिस्त्रीही तोच. तो हातातल्या पान्याला शिव्या घालत होता.

"काय झालं, बिंकी?"

बिंकी ताडकन उठून उभा राहिला. "गुड आफ्टरनून, मिस ओरीथा. काही नाही, मॅम. चेन नवी आहे ना, आखूड निघाली. सकाळी सरावात जुन्या स्प्रॉकेटचे दाते मोडले, ते सगळं बदललं. आता चाक पुढे ओढल्याशिवाय चेन बसतच नव्हती."

"बिंकी!" मॅझिक बर्फातून ओरडला. "विरोधी पार्टीला अंदर की बात सांगू नकोस!" मग त्याने मिस ओरीथांना पाहिलं आणि तोही उभा राहिला. "म्हणजे... या, बसा. बायको, हॅटी, चर्चच्या गाण्याच्या तालमीला गेली, जाताना भात ठेवून गेली आहे. खाणार?"

"आत्ताच चाखला," मिस ओरीथा म्हणाल्या.

गाडीच्या डाव्या अंगाला, चेनच्या बाजूला, फुलाफुलांची चादर होती. मिस ओरीथा तिकडे फिरकल्याच नाहीत. त्या उजव्या बाजूने गेल्या आणि वाकून मागच्या चाकाच्या आसाकडे पाहू लागल्या. आस जिथे पुढे-मागे सरकतो त्या खाचेत, नटाच्या मागे अंगठ्याएवढी एक चकचकीत जागा होती. बाकी सगळं मळलेलं होतं.

"क्लीव्हलँड, तुला अल्फान्सोचा स्प्रॉकेट चोरायचा असता तर चोरला असतास का?"

"आनंदाने," मॅझिक म्हणाला. "पण मला त्याचे दाते कशाला हवेत? माझी गाडी चाळीसवर..." त्याने दोन्ही हात तोंडावर ठेवले. वर्षभर बायकोलाही न सांगितलेली गोष्ट त्याच्या तोंडून निसटली होती.

मिस ओरीथा हसल्या आणि परत फिरल्या. अर्ध्या वाटेत त्यांनी रोशेलचा हात घट्ट धरला. त्यांना धाप लागली होती.

"टोबीला बोलाव. चोर झाडाखाली बसलाय."

"कोण? झाडाखाली तर फॉन्झो एकटाच आहे!"

"तेच म्हणते मी."

४

टोबी आला, पण सावलीच्या काठावर उन्हातच उभा राहिला. फॉन्झो त्याच्याकडे बघेना.

"अल्फान्सो, पेटीत राहिलेल्या स्प्रॉकेटवर काय लिहिलंय?" मिस ओरीथांनी विचारलं.

"चाळीस. कारखान्यातून ठोकूनच येतो आकडा."

"मग तू चाळीस दाते बोटाने कशाला मोजत होतास? मी शेंगा सोलत होते, आंधळी नव्हते. ज्याच्यावर आकडा लिहिलाय ती वस्तू माणूस मोजतो कधी? आकड्यावर विश्वास नसेल तेव्हा. आणि विश्वास नसतो कधी?"

फॉन्झोने बँडेजचा हात पाठीमागे नेला.

"अंगठा दाखव."

"दारात सापडला..."

"दारात सापडला तर बोटं सापडतात, नुसता डावा अंगठा नाही. तू उजव्या हाताने हातोडी मारतोस. डाव्या हातात काहीतरी धरून त्यावर ठोकत होतास. काय ठोकत होतास, ते सांगतोस की मी सांगू?"

फॉन्झोने टोपी काढली, पुन्हा घातली, आणि अखेर पुटपुटला, "त्रेचाळीसचा आकडा कानशीने घासून काढला. त्याच्यावर चाळीस ठोकलं. कुणी चोरून पाहिलंच तर फसावं म्हणून."

"अरे देवा," टोबी म्हणाला आणि मटकन खाली बसला. या वेळी सावलीत.

"तू बोल आता, टोबायस. लाल भातात साखर घालणारी बाई या गावात एकच आहे, हॅटी मॅझिक. शत्रूच्या घरचा भात तुझ्या ताटात फुकट आला नसणार."

टोबीने तोंड पुसलं. "सकाळी बिंकी आला होता. त्याचा स्प्रॉकेट मोडला होता. गाड्या एकाच बनावटीच्या, आपला त्याला बसतो. ट्रॅकवर कुणी पार्ट मागितला तर नाही म्हणायचं नाही, वैरी असला तरी, ही रीत आहे. पेटी उघडली तर दोन स्प्रॉकेट, दोन्हींवर चाळीस! मला इतका आनंद झाला, मिस ओरीथा. वाटलं, फॉन्झोने शेवटी माझं ऐकलं, चाळीसचा जादा विकत घेतला, फक्त तोंडाने कबूल करत नाही. म्हटलं, दोन आहेत, एक देऊ. सांगणारच होतो, पण त्याआधीच याने मला झाडाखालून हाकललं."

"आणि त्रेचाळीसला बोट लावलं नाही, ही शपथही खरीच," मिस ओरीथा म्हणाल्या. "मोठ्या स्प्रॉकेटला चेन जास्त लागते. म्हणून बिंकीची चेन 'आखूड' झाली आणि त्याला चाक अंगठाभर पुढे ओढावं लागलं. जुन्या जागेची खूण अजून चमकतेय. तुझी कवळी जप्तीच्या तोंडात आहे, अल्फान्सो. तुझ्याच हाताने तू ती आधी लपवलीस आणि मग हरवलीस."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं रोशेलच्या मनात आलं. तिला हसूही येत होतं आणि नवऱ्याला दोन ठेवून द्याव्यात असंही वाटत होतं.

फॉन्झो एकदम उठला. "मग आत्ता जाऊन काढून आणतो!"

"दिलेला पार्ट शर्यतीआधी परत मागायचा नाही. तीही रीतच आहे," टोबी म्हणाला.

"मागायला नाही, सांगायला जायचंय," मिस ओरीथा म्हणाल्या. त्यांच्या आवाजातली गंमत आता संपली होती. "चाळीसची सवय असलेलं पोर त्रेचाळीसवर बसलंय आणि त्याला पत्ताच नाही. गाडी उलटली तर? बिंकी पाच वर्षांचा होता तेव्हापासून माझ्या बसमध्ये चढायचा. सगळ्यांना मी जिवंत उतरवलंय."

सगळे मॅझिकच्या तळावर गेले. फॉन्झोने मान खाली घालून सगळं सांगितलं. अंगठा दाखवला. कानस कशी चालवली तेही सांगितलं.

मॅझिक पोट धरून हसला. "वा रे फॉन्झो! म्हणजे मी आता स्प्रॉकेट उतरवायचा, तुझ्यासमोर दाते मोजायचे आणि शर्यत चुकवायची? मी काय काल जन्मलो? चाळीस लिहिलंय त्याच्यावर. मला वाचता येतं!"

"अरे मोज तरी, लेका!"

"तू मोज म्हणतोस म्हणून तर मोजणार नाही. आजवर या मैदानात दात्यांबद्दल खरं बोललाय कुणी?"

फॉन्झो आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलत होता आणि ते ऐकायला कुणी तयार नव्हतं.

मिस ओरीथा बिंकीपुढे जाऊन उभ्या राहिल्या. "पोरा, माझ्याकडे बघ. पुढचं चाक उचललं की पिळलेली रेसची मूठ सोडायची. लगेच. शर्यत गेली खड्ड्यात. कबूल?"

"ऐकू नकोस!" मॅझिक ओरडला. "ती त्यांची सासू आहे!"

बिंकीने भावाकडे पाहिलं, मग मिस ओरीथांकडे. "येस, मॅम," तो म्हणाला.

५

टोबीने चाळीसचा स्प्रॉकेट चढवला. फॉन्झो पाने पुढे करत होता, टोबी त्याच्याकडे न बघता ते घेत होता. रोशेलने हेल्मेट घातलं. आयुष्यात पहिल्यांदा ती शर्यतीआधी प्रतिस्पर्ध्याच्या स्वारासाठी प्रार्थना करत होती, आणि लगेच पुढच्या ओळीत ममासाठी झाड मागत होती. देवाने दोन्ही कसं जमवायचं, ते देव बघेल.

सासूबाई गरजल्या. शेजारी जप्ती गुरगुरली. वर ऊन असं होतं की ट्रॅकचं डांबर चकाकत होतं.

हिरवा दिवा लागला. जप्ती बंदुकीतून सुटल्यासारखी पुढे गेली, एवढी की रोशेलला बिंकीची पाठ दिसली. पाठोपाठ तिला जप्तीचं पुढचं चाक दिसलं, आभाळात! गाडी मागच्या चाकावर उभी राहत होती, बिंकीचे पाय हवेत आणि कडेला मॅझिक दोन्ही हात डोक्यावर. आता गेला, असं रोशेलला वाटलं.

पण बिंकीने मूठ सोडली. शहाण्या पोरासारखी, लगेच. चाक धप्पकन खाली आलं, गाडी डुगडुगली आणि सरळ झाली. आळशी चाळीसवर सावकाश उठलेल्या सासूबाई तिच्या शेजारून निघाल्या आणि शेवटपर्यंत थांबल्याच नाहीत. दिवा रोशेलच्या बाजूचा लागला.

ती परत आली तेव्हा झाडाखाली कुणीच जिंकल्यासारखं दिसत नव्हतं. मॅझिक जमिनीवर बसला होता. त्याच्यापुढे उतरवलेला स्प्रॉकेट होता आणि तो बोटाने मोजत होता. "एक्केचाळीस... बेचाळीस..." तो थांबला. बोटाखाली अजून एक दाता होता. "फॉन्झो, तू खरं बोललास?"

"चुकून," फॉन्झो म्हणाला.

मॅझिकने भावाकडे पाहिलं. बिंकी धडधाकट उभा राहून कोल्ड्रिंक पीत होता. मॅझिकचा चेहरा जरा विरघळला. "मिस ओरीथा, तुमचे उपकार झाले. सावली गेली ती गेली."

"सावली कुठे जातेय? झाड मोठं आहे," मिस ओरीथा म्हणाल्या. "हॅटीला सांग, पुढच्या हंगामात खुर्ची घेऊन ये. फक्त भातात साखर नको." मग त्या जावयाकडे वळल्या. "अल्फान्सो, आकडे ठोकायच्या छापांची पेटी काढ. ट्रेलरमध्येच असणार. घरी ठेवायची तुझी छाती नाही, रोशेलला सापडली असती."

फॉन्झोने ट्रेलरमधल्या बाकाखालून लोखंडी छापांची पेटी काढली.

"आता खरा आकडा ठोक. इथे. सगळ्यांसमोर."

गर्दीत कुजबुज झाली. पाइन हॅमॉकवर कुणी आपल्या दात्यांचा आकडा चारचौघांत ठोकल्याचं आजवर कुणी पाहिलं नव्हतं. फॉन्झोने स्प्रॉकेट ऐरणीवर ठेवला, हातोडी उचलली आणि बँडेज बांधलेल्या अंगठ्याकडे पाहिलं. छाप धरायला त्याचा डावा हात चालत नव्हता.

"टोबी," तो म्हणाला. "चुकलो मी. चोर म्हणालो तुला. आणि चाळीसच बरोबर होता."

टोबीने हातांचं ग्रीस पुसलं. मग तो पुढे आला, पेटीतून चारचा छाप निवडला आणि आपल्या डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि बोटात धरून स्प्रॉकेटवर उभा केला. फॉन्झोची हातोडी वर गेली. टोबीने डोळे घट्ट मिटून घेतले, पण हात हलवला नाही.